मावशी, रस्सा!

2023 च्या जूनपासून मी नाशिकला गंगापूर रोडवर पुढच्या बाजूला एका मिसळीच्या हॉटेलात वेटर आहे. हॉटेलचं नाव सांगत नाही, उगाच मालकाला त्रास नको. आणि हा वेटर शब्द स्वतःला लावायलाच मला वर्ष गेलं. आधी कुणी विचारलं तर हॉटेलात आहे एवढंच सांगायचे, मग समोरचा समजायचा की भाकऱ्या थापत असेल नाहीतर भांड्यांवर असेल आणि त्याचं समाधान व्हायचं. बाई हॉटेलात रांधते हे लोकांना पटतं, बाई हॉटेलात टेबलावर वाढते हे नाही पटत, का ते मला अजून कळलेलं नाही, घरी तर दोन्ही आपणच करतो.

कामाला लागायचं कारण सगळ्यांचं असतं तेच. हे सातपूरला एका कंपनीत काँट्रॅक्टवर होते, काँट्रॅक्ट संपलं आणि पुढचं काही मिळालं नाही. मोठी मुलगी आठवीत, धाकटा चौथीत. मी लग्नानंतर 14 वर्षं घरीच होते, म्हणजे घरी बसून नव्हते हं, शेवया-पापडाच्या ऑर्डरी घ्यायचे, पण उन्हाळा संपला की ते पण संपतं. आमच्या गल्लीतली एक जण त्या हॉटेलात कांदा-कोथिंबिरीवर होती, ती म्हणाली चल, बायका पाहिजेत त्यांना, फॅमिली कस्टमर जास्त आहे.

मॅनेजरकाकांनी इंटरव्ह्यू काय घेतला म्हणाल तर एकच प्रश्न, पंगतीत वाढलंय का? मी म्हटलं काका, माहेरी सप्ता असायचा, पाचशे पानं वाढलीत. ते हसले आणि म्हणाले या उद्यापासून. मला वाटलं झालं, वाढणं तर आपल्याला येतं, ह्यात शिकायचं काय.

त्याआधी मेडिकल. खाण्याच्या धंद्यात हात लावणाऱ्याची वर्षातून एकदा तपासणी लागते, रक्त वगैरे, आणि टायफॉइडची लस. ते ठीक. पण बांगड्या काढायला सांगितल्या तिथे घोडं अडलं. नियमच आहे तो, हातात दागिना नको, नखाला रंग नको, केसाला जाळी. सासूबाई म्हणाल्या सवाष्णीचे हात मोकळे ठेवून लोकांना वाढणार का. दोन दिवस घरात कुणी धड बोलेना. शेवटी मी बांगड्या डब्यात घालून पर्समध्ये ठेवायला लागले, सुटले की रिक्षात बसल्यावर घालायचे आणि मग घरी शिरायचे. काचेच्या होत्या, महिन्यात चार फुटल्या.

पहिले पंधरा दिवस इतके वाईट गेले की आता आठवलं तरी हसू येतं. तेव्हा नव्हतं येत. हॉटेलला आत नऊ टेबलं आणि बाहेर बागेत पंधरा. बागेतल्या टेबलांचे नंबर कुणी टाकलेत देव जाणे, 14 च्या शेजारी 19 आणि 20 एकदम नळाजवळ. मी माझी आपली नावं ठेवली, आंब्याखालचं, झोपाळ्याजवळचं, पायरीवरचं. पण केओटीवर, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, नंबरच लिहावा लागतो ना, किचनला काय कळणार आंब्याखालचं. दुसऱ्या दिवशी 16 ची दही मिसळ 19 ला गेली, 19 वाल्यांनी मुकाट्याने खाल्ली पण, आणि 16 वाले अर्धा तास बसून. मॅनेजरकाका ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले ताई, पंगतीत सगळ्यांना एकच असतं, इथे प्रत्येकाचं वेगळं आहे. त्या वाक्याने मला जास्त लागलं.

मग ती भाषा. मिसळ एकच, पण माणूस कुठून आलाय त्यावर तिचा शब्द बदलतो. आपल्याकडे रस्सा. एक काका म्हणाले, "ताई, सॅम्पल आणा." मला वाटलं ह्यांना चव बघायला पाहिजे थोडी, मी चमचाभर मिसळ बशीत घालून नेली. ते माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. पुण्यात रश्श्याला सॅम्पल म्हणतात हे मला 36 व्या वर्षी कळलं. त्याच आठवड्यात कोल्हापूरकडचं एक कुटुंब आलं, ते म्हणाले कट द्या. मी विचारलं चहा का? त्यांच्याकडे रस्सा म्हणजे कट, आणि वर त्यांना पावाच्या ऐवजी ब्रेडच्या स्लाइस पाहिजे होत्या, आमच्याकडे लादीपाव, ते काही केल्या खुश होईनात. नागपूरकडचे तर्री मागतात. आपण पण तर्री म्हणतो पण आपली तर्री म्हणजे वरचा तेलाचा लाल तवंग, त्यांना अख्खा रस्साच हवा असतो. मी घरी येऊन मुलीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर हे सगळं लिहून ठेवलं, मुलगी म्हणाली आई, भाषेचा पेपर आहे का तुझा.

आमच्याकडे रस्सा दोन, काळा आणि लाल. काळा म्हणजे भाजलेला कांदा-खोबरं आणि काळ्या मसाल्याचा, लाल जरा झणझणीत. रस्सा कितीही घ्या, पैसे नाहीत. पावाचे मात्र आहेत, पहिले दोन मिसळीसोबत, पुढचे जोडीने वेगळे. आता ह्यात सगळं गणित आहे आणि ते मला सुरगाण्याच्या एका पोराने शिकवलं. बावीस-तेवीस वर्षांचा असेल, आमच्या इथे पेठ, सुरगाणा, हरसूलकडची बरीच मुलं आहेत, भातलावणी आली की गावी जातात, पुन्हा येतात. हा सगळ्यात जुना. तो मला बघत होता चार दिवस आणि मग म्हणाला, "ताई, तुम्ही चालता लई, पण निम्मं रिकामं चालता." मी बघितलं तर खरंच, मी किचनमधून ताट घेऊन जायचे आणि येताना हात हलवत यायचे, परत जाऊन उष्टं उचलायचे, परत यायचे. त्याने सांगितलं जाताना भरलेलं न्यायचं, येताना वाटेतल्या कुठल्याही टेबलावरचं रिकामं उचलायचं, आपलं टेबल नसलं तरी. एवढ्याने माझे पाय वाचले. त्याआधी रात्री मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय बुडवून बसायचे, त्यात मी चपला घालून जायचे, बूट घेतले महिन्याने. जिला कुणाला हे काम करायचं असेल तिने पगाराची वाट न बघता आधी बूट घ्यावेत, तळवा मऊ आणि फरशीवर न घसरणारे, बाकी युनिफॉर्म वगैरे ते देतात.

आणि त्याचं दुसरं सांगणं असं की माणसाकडे बघायचंच नाही, वाटीकडे बघायचं. पाव हातात आहे आणि वाटी कोरडी पडलीय, रस्सा ओता. रस्सा आहे आणि पाव संपला, तर पाव आणू का विचारा. बस. रस्सा उरतो म्हणून पाव घेतात, पाव उरतो म्हणून रस्सा घेतात, हे असं फिरत राहतं आणि हॉटेल चालतं. मिसळीच्या प्लेटीत मालकाला फार सुटत नाही असं मालक म्हणतात (मालक सगळेच असं म्हणतात), सुटतं ते पाव, ताक आणि जिलबीत.

पंगतीच्या सवयीने मी माणसांकडे बघायचे. आग्रह करायचे. घ्या की अजून, एवढंसंच? एक कॉलेजची मुलगी रडवेली झाली होती, तिला वाटलं मी तिच्या खाण्यावर लक्ष ठेवून आहे. पंगतीत आग्रह केला नाही तर यजमानाला नाव ठेवतात, इथे केला तर गिऱ्हाईक घाबरतं की बिलात लावतेय ही बाई. आग्रह सोडायला मला टेबलांचे नंबर पाठ करण्यापेक्षा जास्त दिवस लागले, हे खरं सांगते. आता मी काही बोलतच नाही, किटली घेऊन जवळून जाते फक्त, ज्याला पाहिजे तो वाटी पुढे करतो. बायका मात्र करत नाहीत. बायका मागत नाहीत, पोरांना भरवतात, नवऱ्याला विचारतात तुम्हाला अजून हवाय का, आणि स्वतःचा पाव कोरडा खातात. तिथे मी न विचारता ओतते. एकीनेही आजवर नको म्हटलेलं नाही.

सांडलं का कधी? सांडलं की. जुलैमधला रविवार, सकाळी दहाची गर्दी, बाहेर पाऊस म्हणून बाग बंद आणि सगळे आत. मुंबईहून आलेलं एक घरचं टोळकं होतं, त्यातला मुलगा पांढऱ्याशुभ्र शर्टात. मी त्याच्या मागून किटली नेतेय आणि त्याने हात वर करून कुणालातरी बोलवलं, कोपर लागलं आणि लाल रस्सा खांद्यापासून खिशापर्यंत. त्याची आई किंचाळली की अहो, अकराला मुलगी बघायला जायचंय! बिचारा उठून पळाला बेसिनकडे आणि साबण उचलला, मी ओरडलेच, दादा साबण नका लावू, हळदीवर साबण लागला की लालभडक होतं. त्याला मोरीच्या बाजूला नेलं, कोरडं बेसन चोळलं, तेल शोषलं त्याने, मग भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब आणि मग लिंबू. डाग पूर्ण गेला नाही, फिकट पिवळा राहिला, ओला शर्ट तंदूरपाशी धरून वाळवला. मालकांनी बिल घेतलं नाही, ते मला वाटलं माझ्या पगारातून जाणार, नाही गेलं. जाताना त्याची आई म्हणाली तुमच्या हातचा डाग घेऊन चाललोय, जमलं तर बरं. जमलं का नाही काय माहीत. मला अधूनमधून आठवतं.

पण मी खरी टिकले ती आषाढी एकादशीमुळे. त्या वर्षी 29 जूनला आली होती, बकरी ईद पण त्याच दिवशी, सुट्टीचा दिवस. मला कामाला लागून चार आठवडे पण नव्हते झाले आणि मॅनेजरकाकांच्या डोक्यात मला आत कांद्यावर घालायचं चाललेलं, ते मला नंतर कळलं. आमच्याकडे एकादशीला उपवासाची मिसळ असते, खाली साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याची भाजी, उपवासाचा चिवडा, शेंगदाण्याची आमटी, दही, काकडी. सकाळी आठपासून टेबल रिकामं नाही. आणि उपवासाचं गिऱ्हाईक म्हणजे प्रश्नांची खाण असते. आमटीत हळद आहे का? कोथिंबीर घातलीय का, आमच्यात चालत नाही. जिरं? मीठ साधं की शेंदेलोण? तळण्याचं तेल तेच का, भज्यांचं? डाव वेगळा आहे ना? मुंबईच्या एक बाई विचारत होत्या वरीचे तांदूळ मिळतील का, आणि आमचा पोरगा सांगतोय वरी नाही, फक्त भगर आहे. मी मध्ये पडले, अहो तीच ती, नाशिकला भगर म्हणतात, इथे तर भगरीच्या गिरण्या आहेत.

पोरांना ह्यातलं काही माहीत नव्हतं, त्यांचा काय दोष, विशी-बाविशीतली पोरं. ती प्रत्येक प्रश्नाला आत पळत होती आचाऱ्याला विचारायला आणि आचारी वैतागून शिव्या घालत होता. मी सकाळीच आत जाऊन सगळं विचारून घेतलं होतं, सवयच ती, सासूबाईंचे उपवास मीच करते ना, म्हणजे उपवास त्या करतात आणि काम मी. आमटीला हळद नाही, कोथिंबीर वेगळ्या वाटीत ठेवा मी सांगितलं, डावाला लाल दोरा बांधला. दहा वाजेपर्यंत असं झालं की कुठल्याही टेबलावर प्रश्न आला की पोरं म्हणायची थांबा, मावशींना बोलावतो.

मावशी! मला त्या शब्दाचा इतका राग यायचा आधी. 36 वर्षांची मी, आणि चाळिशीचे बाप्ये "ओ मावशी" करून हाक मारायचे. ताई म्हणा ना. त्या दिवशी बागेतून, आतून, गल्ल्यावरून सगळीकडून मावशी मावशी चाललेलं आणि मला राग यायला वेळच नव्हता. दुपारी तीनला मॅनेजरकाका म्हणाले उद्यापासून 10 ते 17 नंबरची टेबलं तुमची. कांद्याचा विषय पुन्हा निघाला नाही. त्या वर्षी पुढे अधिक श्रावण होता, म्हणजे दोन महिने श्रावण, उपवासवाले थांबायलाच तयार नव्हते. निज श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या फेरीला जाणारे-येणारे, पाय चिखलाने भरलेले, डोळे झोपेने जड, ते खुर्चीवर बसल्याबसल्या डुलकी घेतात, त्यांना ऑर्डर विचारायच्या आधी पाणी आणि मग चहा. ते कुणी शिकवायला लागलं नाही.

पैशाचं सांगते, कारण विचारतात सगळ्या. 9 हजारावर लागले, दिवाळीनंतर 11 झाले. सुट्टी मंगळवारी, रविवार विसरायचा, लग्नकार्य रविवारी असेल तर पाया पडायला संध्याकाळी जायचं. ड्यूटी सकाळी सात ते तीन, पोरं साडेपाचला येतात पण बायकांना त्यांच्या संमतीशिवाय सातच्या आधी बोलवता येत नाही असा दुकानांचा कायदा आहे म्हणून मालक आम्हाला सातलाच बोलवतात. टिपा सगळ्या एका डब्यात, शनिवारी वाटणी, भांड्यावरच्या मावशीला पण सारखा वाटा, हे मला आवडतं. पण टिपा आता कमी. सगळे फोनने स्कॅन करतात, बिल 347 तर 347 च जातात, आधी साडेतीनशे टेबलावर ठेवून उठायचे ते तीन रुपये आमचे असायचे. बिलावरून भांडणारे रोज एक तरी. जीएसटी वेगळा का लावला? मी सांगते दादा, 5 टक्के आहे, अडीच दिल्लीला, अडीच मुंबईला, आम्हाला काही नाही त्यातलं. हसतात आणि देतात.

एक गोष्ट लिहू की नको असं वाटत होतं पण लिहिते. डिसेंबर, कडाक्याची थंडी, नाशिकची थंडी माहीत असेल त्यांना कळेल, बागेत शेकोटी लावलेली. मी 12 वर पाणी ठेवायला गेले आणि बघते तर माझे मोठे दीर, जाऊबाई आणि जाऊबाईंच्या माहेरचे चौघे. त्यांना घरी सांगितलेलं होतं मी हॉटेलात आहे, पण ते त्या भाकऱ्या थापण्याच्या अर्थाने. मी जाळी घातलेली, हात मोकळे, कमरेला ॲप्रन. भावजींनी माझ्याकडे बघितलं आणि मेनूकार्ड वर धरलं तोंडासमोर. जाऊबाईंची आई ओळखत नव्हती मला, त्या म्हणाल्या मावशी, इथलं काय चांगलं आहे?

दोन सेकंद गेले असतील. मला वाटलं सुरगाण्याच्या पोराला सांगावं हे टेबल तू घे. त्याने घेतलं असतं. पण तो 18 वर होता आणि त्याच्या दोन्ही हातात ताटं. मी म्हटलं, काकू, थंडी आहे, काळा घ्या, पहिल्यांदा येताय तर लाल झेपणार नाही, पोरांना दही मिसळ, आणि जिलबी आत्ता गरम काढतोय. भावजी मेनूकार्डामागूनच म्हणाले सहा आण. आणा नाही, आण. घरच्यासारखं. मी लिहून घेतलं, 12, चार काळा, दोन दही. जाऊबाई मान खाली घालून चमचा पुसत होत्या. मी नेहमीसारखी वाढत राहिले, वाटी बघून. जाऊबाईंची वाटी तीनदा भरली मी, त्या मागणाऱ्यातल्या नाहीत हे मला घरच्या चौदा वर्षांनी माहीत आहे.

जाताना भावजींनी शंभराची नोट बशीत बडीशेपेखाली ठेवली. मी डब्यात टाकली. संध्याकाळी सासूबाईंना फोन आला असणार, मला वाटलं आता होणार काहीतरी. त्या रात्री काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पर्समध्ये बांगड्यांचा डबा शोधतेय तर तो देव्हाऱ्यापाशी ठेवलेला. म्हणाल्या ठेव घरीच, किती फोडशील.

आता नवीन चाललंय ते म्हणजे हिंदी. 2027 ला सिंहस्थ आहे, मालक आत्तापासून सांगतात की सगळ्या देशातली माणसं येणार, हिंदी बोलता आलं पाहिजे. माझी हिंदी सगळी टीव्हीवरची. परवा इंदूरच्या एका कुटुंबाने विचारलं इसमें कौन सी दाल है. मटकीला हिंदीत काय म्हणतात? मी हाताने मटकीएवढा आकार दाखवला, ते म्हणाले मूंग? मी म्हटलं नहीं, मूंग का छोटा भाई. त्या बाई इतक्या हसल्या. मग त्यांनीच सांगितलं, मोठ. मी म्हटलं मोठी नहीं, छोटी है. तर म्हणे नहीं बहनजी, नाम ही मोठ है. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय, सॅम्पल आणि कटाच्या खाली.